वहीतली नावं

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयावर एक वरात चालून गेली. घोडे होते, बँड होता, मुंडावळ्या बांधलेले, शेरवानी घातलेले नवरदेव होते. नवरी एकही नव्हती. ज्योती क्रांती परिषदेनं काढलेला हा मोर्चा होता. लग्नाला मुली मिळत नाहीत, गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा कडक राबवा, अशी मागणी घेऊन ही मुलं आली होती. वाहिन्यांना दिवसभराचं खाद्य मिळालं, मोबाइलवर विनोद फिरले आणि चार दिवसांत सगळे विसरले.

मला त्या दिवशी आमच्या घरातली वही आठवली.

लाल कापडी बांधणीची, दोऱ्यानं शिवलेली लांबोडकी वही आहे ती. आजोबा जुन्या गिरणीत साच्यावर होते. पगार, किराणा, भिशी, सावकाराचं व्याज असे सगळे हिशेब त्या वहीत आहेत आणि शेवटच्या चार पानांवर घरातले जन्म. १९२४ ते १९४५ या एकवीस वर्षांत आजीची नऊ बाळंतपणं तिथं तिथी-वारासकट मांडलेली आहेत. नऊपैकी पाच नोंदींपुढे वेगळ्या शाईनं आणखी एक तिथी आहे. एक मुलगा देवीनं गेला, एक ‘तापानं’, एक मुलगी चालायला लागल्यावर हगवणीनं. उरलेल्या दोघांना तर नावच नाही. एकीपुढे नुसतं ‘कन्या, सातवा दिवस’ आणि दुसऱ्यापुढे ‘पुत्र, नववा दिवस’. जगलेल्या चौघांतले एक माझे वडील. वहीत त्यांचं नाव पत्रिकेप्रमाणे नीट लिहिलंय, पण घरात आणि गल्लीत ते मरेपर्यंत दगडूच होते.

दगडू, धोंडू, केरबा, उकिरडा. आधीची मुलं हाताला लागली नाहीत की पुढच्याला असं काहीतरी नाव ठेवायचं, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्यावर पडत नाही. गेल्या शंभर वर्षांत आपल्याकडे काय बदललं हे सांगायला मला या नावांइतका बोलका पुरावा दुसरा सापडत नाही. आज सोलापूरच्या कुठल्याही बालवाडीची हजेरी काढून बघा, त्यात एक धोंडू सापडणार नाही. त्या नावाची गरज संपली.

सटवाईचंही तेच. पाचवीच्या रात्री पाटा-वरवंटा मांडून, कोरा कागद आणि लेखणी ठेवून सटवाईची पूजा होते; ती येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते. आजी सांगायची की त्या रात्री बाळंतिणीजवळ कोणीतरी जागं असायलाच हवं. यामागं निव्वळ श्रद्धा नव्हती. नाळ विळ्यानं किंवा पातीनं कापायची, वर राख किंवा शेण लावायचं, आणि मग पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आत बाळ दूध ओढेनासं व्हायचं, अंग ताठायचं. तो धनुर्वात होता. बाराव्या दिवशी बारसं ठेवण्यातही हाच अनुभव साठलेला असावा असं मला वाटतं: धोक्याचे दिवस सरले, आता नाव ठेवायला हरकत नाही. वहीतल्या त्या दोघांना बारसं गाठता आलं नाही. गरोदर बाईला दंडात टोचायचं धनुर्वाताचं इंजेक्शन आणि नाळ कापायचं निर्जंतुक पातं, एवढ्या दोन साध्या गोष्टी त्यांना पुरल्या असत्या. नवजात अर्भकांतला धनुर्वात भारतातून हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये जाहीर केलं, तेव्हा त्या कन्येला जाऊन ऐंशीहून अधिक वर्षं झाली होती.

आमचं घर अपवाद नव्हतं, हे जनगणनेच्या आकड्यांवरून कळतं. १९११ ते १९२१ या दशकात देशाचा जन्मदर हजारी ४८ होता आणि मृत्युदर हजारी ४७. म्हणजे हजार वस्तीच्या गावात वर्षाला अठ्ठेचाळीस पाळणे हलायचे आणि सत्तेचाळीस तिरड्या निघायच्या. सरासरी आयुर्मान वीस वर्षं. त्या दशकात देशाची लोकसंख्या थोडी का होईना घटली. १९१८ च्या इन्फ्लूएंझाच्या साथीनं देशात एक कोटीहून अधिक माणसं नेली. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या आसपास.

सोलापुरासाठी तर हे नवीन नव्हतं. इथली जमीन अवर्षणाची. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाआधी, १८७२ मध्ये जिल्ह्याची मोजणी सात लाखांवर भरली होती. १८८१ मध्ये ती पाच लाख ब्याऐंशी हजारांच्या आसपास आली. मेलेले आणि देशोधडीला लागलेले दोन्ही त्या वजाबाकीत आहेत. गंमत नव्हे, दुःखच आहे की आमची जुनी गिरणी याच काळातली, १८७७ ची. दुष्काळानं गाव सोडलेल्या माणसांना शहरातल्या गिरणीनं आणि मागांनी ओढून घेतलं आणि त्यातून आजचं सोलापूर उभं राहिलं. पुढं १८९६ चा दुष्काळ, प्लेग, लगेच १८९९ चा दुष्काळ. पंढरपुराहून वारी परतली की वाटेवरच्या गावांत पटकी उठायची. ‘महामारीचं साल’, ‘गाठीचं साल’ अशीच कालगणना आजीच्या तोंडी होती.

इतके मृत्यू असताना माणसांची संख्या टिकून राहायची तर बायकांना सतत बाळंतपणं काढावीच लागणार. आणि गंमत अशी की इतकी बाळंतपणं होऊनही प्रत्येक बाईच्या वाट्याला ती सगळी येत नसत, कारण नवराही लवकर मरायचा. दहा-बाराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, आणि वरच्या म्हणवणाऱ्या जातींत पुनर्विवाहाला बंदी. त्या मुलीला दिवस गेले तर विहीर किंवा बाळाचा गळा, एवढेच रस्ते होते. पंढरपुरात १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकारानं बालहत्या रोखण्यासाठी अनाथ अर्भकालय निघालं, प्रार्थना समाजानं ते चालवलं. आजचा नवरंगे बालकाश्रम तो हाच. विठोबाच्या दारी ही संस्था निघाली, कारण यात्रेच्या गर्दीत अशा मुली येऊन बाळं टाकून जात. जन्मदर आणि मृत्युदर हे दोन वेगळे आकडे आहेत असं आपण मानतो. पंढरपूरच्या त्या अर्भकालयात ते एकमेकांत गुंतलेले दिसतात.

अभ्यासकांनी या सगळ्या बदलाला ‘लोकसंख्या संक्रमण’ असं नाव दिलं. अमेरिकेच्या वॉरन थॉम्पसन यांनी १९२९ मध्ये त्याचा आराखडा मांडला आणि फ्रँक नोटेस्टाइन यांनी १९४५ मध्ये तो पक्का केला. आधी जन्म आणि मृत्यू दोन्ही भरपूर असतात, म्हणून लोकसंख्या जागच्या जागी. मग देशाची परिस्थिती सुधारते तसे मृत्यू घटतात, जन्म मात्र पूर्वीसारखेच राहतात, म्हणून लोकसंख्या फुगते. मग जन्मही घटतात. शेवटी दोन्ही कमी पातळीवर येऊन वाढ थांबते. भूगोलाच्या पुस्तकात दोन रेषांचा आलेख असतो तो हाच. इंग्लंड-स्वीडनला हा प्रवास करायला शतकाहून अधिक काळ लागला. आपण तो आजीच्या आणि नातीच्या आयुष्यात उरकला.

मृत्यूची रेषा खाली कशी आली, हे नीट सांगायला हवं, कारण तिचं श्रेय आपण नुसतं डॉक्टरांना देऊन मोकळे होतो. आधी आला रस्ता आणि पाणी. १८६० च्या सुमारास सोलापूरला रेल्वे आली, म्हणजे पुढच्या काळात एका भागात धान्य नसलं तर दुसरीकडून आणायची सोय झाली. हिप्परग्याचा तलाव, सरकारी कागदातला एकरुख, १८७१ च्या सुमारास पुरा झाला. मग देवीची लस गावोगाव पोचली. आजोबा सांगायचे, देवी डॉक्टर गावात आला की आया पोरांना घेऊन ज्वारीच्या रानात लपायच्या. स्वातंत्र्यानंतर डीडीटीची फवारणी, बीसीजी, पेनिसिलिन. १९४१ ते १९५१ च्या दशकात देशाचा मृत्युदर हजारी २७ वर आला होता, १९७१ मध्ये तो १५ च्या खाली गेला, आणि आता ६ च्या आसपास आहे.

माझ्या लेखी यातला खरा कसोटीचा क्षण १९७२ चा दुष्काळ. तेव्हा मी शाळकरी होते. शाळेत दुपारी मिळणारी सुकडी, तिचा गोडसर कोंदट वास, आणि रस्त्याच्या कडेला खडी फोडत बसलेल्या बायकांच्या लांबच लांब रांगा, एवढं स्पष्ट आठवतं. पाऊस १८७६ सारखाच रुसला होता, जमीन तीच होती. पण या वेळी जिल्ह्यानं लाखभर माणसं गमावली नाहीत. माणसं वाळली, जनावरं बाजारात गेली, मुलांच्या शाळा सुटल्या, पण माणसं जगली. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी त्या काळात राज्यभर उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, आणि कामाला मजुरी. मृत्युदर कसा उतरतो याचं याहून चांगलं उदाहरण मला जगातही कमी दिसतं.

शेजारच्या जिल्ह्यातलं जामखेड तर आपल्या करमाळ्याहून जवळच. तिथं डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं तेव्हा हजार जन्मांमागं १७० हून अधिक बाळं वर्षाच्या आत दगावत होती. गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना शिकवून त्यांनी तो आकडा पाच-सहा वर्षांत निम्म्याहून खाली आणला. आणि तिथं एक गोष्ट पुन्हा दिसली, जी जगात सगळीकडे दिसते: बाळं जगायला लागली की थोड्याच वर्षांत आया आपणहून ‘आता पुरे’ म्हणायला लागतात. नऊ झाली तर चार उरतील, हे गणित ज्या बाईच्या डोक्यात पक्कं आहे तिला दोनच काढ म्हणून सांगणं व्यर्थ आहे. आधी तिला दोन जगतील याची खात्री द्यावी लागते.

ही खात्री न देता संख्या कमी करायला निघालं की काय होतं, तेही सोलापूर जिल्ह्यानंच पाहिलं.

महाराष्ट्रानं संततिनियमनाचा विचार फार लवकर केला. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत सल्ला केंद्र उघडलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, त्यासाठी नोकरी गमावली, खटले सोसले. शकुंतला परांजपे पुण्यात तेच काम करत राहिल्या. या दोघांच्या बोलण्यात केंद्रस्थानी बाई होती, तिचं शरीर आणि तिची इच्छा होती. १९५२ मध्ये सरकारी कार्यक्रम सुरू झाला, लाल त्रिकोण भिंतींवर आला, ‘दोन किंवा तीन पुरे’ झालं, आणि हळूहळू बाईच्या जागी उद्दिष्टाचा आकडा येऊन बसला. आणीबाणीत त्याचा कळस झाला. जानेवारी १९७६ मध्ये बार्शीत दहा दिवसांत हजार शस्त्रक्रियांचं उद्दिष्ट ठरलं. पहिल्या दिवसांत माणसं येईनात, तेव्हा कचऱ्याच्या गाड्या फिरवून बाजाराला आलेली माणसं उचलून नेली. त्यात म्हातारे होते, अविवाहित होते. त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. देशभरात त्या वर्षी ८२ लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या बहुतेक पुरुषांच्या.

बार्शीच्या त्या दहा दिवसांचा सूड पुढं कोणावर उगवला, ते फार कमी बोललं जातं. सरकार पडलं, पुरुषांची नसबंदी हा शब्दच राजकारणात कोणी उच्चारेना, आणि सगळा कार्यक्रम गुपचूप बायकांच्या अंगावर ढकलला गेला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या जवळजवळ निम्म्या विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं आढळलं. पुरुषांचं प्रमाण शंभरात एकसुद्धा नाही. बायकांची शस्त्रक्रिया पोटाला छेद देऊन करायची, पुरुषांची काही मिनिटांची आणि त्याच दिवशी घरी पाठवायची. तरीही असं.

याचा अर्थ मला कुंभारीत उमगला. सोलापूरजवळच्या कुंभारीत विडी कामगार बायकांसाठी कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, अलीकडे रे नगर ही वसाहतही झाली. त्या वसाहतीत एका घराच्या उंबऱ्यात मी अर्धा दिवस बसले होते. पासष्टीच्या बाई, घरात तेलुगू, माझ्याशी सोलापुरी मराठी. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. भिजवलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या मापावर ठेवायचं, कातरीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरून वळायचं, तोंड नखानं दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. बोलताना त्यांचे हात एकदाही थांबले नाहीत. नजर माझ्याकडे आणि विडी तयार. पंचवीस झाल्या की बंडल.

त्यांच्या आईला सात मुलं. आई मुलींना सातव्या-आठव्या वर्षी सुपावर बसवायची, मुलगे मागावर कांड्या भरायचे. घरात जितके हात तितक्या लवकर हजार विड्यांची ‘हजारी’ पुरी व्हायची. जॉन कॉल्डवेल नावाच्या ऑस्ट्रेलियन अभ्यासकानं १९७६ मध्ये हेच जगापुढं मांडलं होतं: मुलांकडून आईबापांकडे संपत्ती वाहते तोवर मुलं जास्त होतात, ती उलटी, आईबापांकडून मुलांकडे वाहायला लागली की कमी होतात. बाईंनी कॉल्डवेल वाचला नव्हता, पण सांगितलं तेच. मोठ्या मुलीला सुपावर बसवलं, धाकट्या दोघींना शाळेत घातलं, आणि शाळेचा खर्च सुरू झाल्यावर हिशेब बदलला.

त्यांचं स्वतःचं लग्न पंधराव्या वर्षी झालं होतं. बाविसाव्या वर्षापर्यंत चार मुलं आणि ऑपरेशन. ‘‘नवऱ्यानं का नाही करून घेतलं?’’ असं मी विचारलं. त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. ‘‘ते मागावर जात होते की ओ ताई. त्यांना अशक्तपणा आला तर कसं चालंल?’’ आणि ऑपरेशनच्या आठव्या दिवशी त्या स्वतः सूप घेऊन बसल्या होत्या. हे सांगताना आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे मला जास्तच बोचलं.

इथं पाठ्यपुस्तकातला आलेख सोलापुराला पुरत नाही. पुस्तक सांगतं की मुली शिकतात, त्यांची लग्नं उशिरा होतात, त्या नोकऱ्या करतात आणि म्हणून मुलं कमी होतात. केरळात बऱ्याच अंशी तसं झालं. सोलापुरात काय झालं? त्याच पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर बाईमागं १.७ मुलं इतका खाली आला. पिढी जागेवर राहायला २.१ लागतात, आपण त्याच्याही खाली आहोत. सोलापूर जिल्ह्याची दशकाची वाढ १९९१ ते २००१ मध्ये सुमारे १९ टक्के होती, पुढच्या दशकात ती १२ वर आली. २०११ मध्ये जिल्हा ४३ लाखांचा झाला. आलेखात बघितलं तर सोलापूर पास. पण त्याच सर्वेक्षणात सोलापूर जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी शंभरात सुमारे ४० जणींचं लग्न अठरा पुरं व्हायच्या आत झालेलं होतं. राज्याचं प्रमाण २२ आहे, आणि तेही लाज वाटावं असंच.

म्हणजे जन्म कमी झाले, पण मुलीचं लग्न पुढं गेलं नाही. सतराव्या वर्षी बोहल्यावर, एकोणिसाव्या वर्षी पहिलं मूल, एकविसाव्या वर्षी दुसरं, आणि पंचविशीच्या आत ऑपरेशन. तांबी किंवा गोळी वापरून पाळणा लांबवायची मुभा तिला कोणी दिलीच नाही. ज्या वयात पुण्यातली मुलगी पहिल्या पगाराचा विचार करते, त्या वयात माढ्या-सांगोल्यातल्या मुलीचं प्रजननाचं आयुष्य संपलेलं असतं. जन्मदर उतरला ही सोलापूरची कमाई आहे आणि मी ती कमी लेखत नाही. ती या मुलींनी स्वतःचं तारुण्य देऊन कमावली, एवढं मात्र सरकारी अहवालात लिहिलं जात नाही.

बालविवाह का होतात याचं उत्तर ‘अडाणीपणा’ असं देणारे लोक उसाच्या फडात गेलेले नसतात. राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूर येतं. ऊसतोडीची उचल ‘कोयत्या’वर मिळते, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. वयात आलेल्या मुलीला सहा महिने गावात कोणाच्या भरवशावर ठेवायचं, हा आईचा प्रश्न खरा आहे. वसतिगृह जवळ असेल, एसटी वेळेवर येत असेल आणि बारावीपर्यंतची शाळा पायी जाण्याजोगी असेल तर लग्न लांबतं.

आता पुन्हा त्या वरातीकडे येते. कुटुंब लहान झालं आणि मुलगा हवाच राहिला, तर हिशेब कुठं बसवणार? नऊ बाळंतपणांत कधीतरी मुलगा व्हायचाच. दोनांत तो हवा असेल तर यंत्र लागतं, आणि ते यंत्र तालुक्याच्या गावापर्यंत आलं. महाराष्ट्रानं गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. तरी राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. सोलापूर जिल्ह्याचा आकडा राज्याच्याही खाली होता. ज्यांना सोनोग्राफी परवडली नाही त्यांनी मुलीचं नाव नकुशी ठेवलं. २०११ च्या ऑक्टोबरात साताऱ्यात अशा अडीचशेहून अधिक नकुशींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. आजोबांच्या काळातलं दगडू हे नाव मूल जगावं म्हणून होतं. नकुशी हे नाव पुढची मुलगी येऊ नये म्हणून. माणूस मृत्यूला भ्यायचा थांबला आणि मुलीला भ्यायला लागला, हा बदल या दोन नावांमधल्या अंतरात आहे.

मोर्चातले ते तरुण सोनोग्राफी पसरत होती त्याच वर्षांत जन्मले. त्यांची लग्नं अडण्याला आणखीही कारणं आहेत. शेतकरी नवरा मुलींना नको, पुण्यातला पगारदार हवा, आणि त्यात मुलींचं काही चुकत नाही. तरीही त्यांच्या बरोबरीच्या काही मुली जन्मालाच आल्या नाहीत. मोर्चाच्या मागणीवर खरं तर या तरुणांच्या आईवडिलांच्या आणि डॉक्टरांच्या पिढीनं उत्तर द्यायला हवं होतं.

मृत्यू कमी झाला म्हणजे गेला असं नाही. त्यानं तोंड बदललं. आजोबांच्या वहीतले आजार देवी, ताप आणि हगवण. माझ्या पिढीचे साखर, रक्तदाब आणि कॅन्सर. बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यात कोणाला कुठला कॅन्सर होतो, हे गावोगाव फिरून लिहायचं काम. बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर किती मोठा आहे ते त्यातून दिसलं, आणि लवकरचं लग्न व लवकरची बाळंतपणं ही त्याची जोखीम वाढवतात. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयानं टाटा रुग्णालयाबरोबर शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात एक लाख तीस हजारांवर बायकांचा अभ्यास केला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एचपीव्ही विषाणूची एक, फक्त एकच तपासणी केलेल्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले होते. हा निष्कर्ष जगभरच्या डॉक्टरांनी वापरला. आपल्याच बार्शीचं हे काम सोलापुरातल्या किती घरांत माहीत आहे?

आणि पुढं काय आहे ते बघायचं तर भैय्या चौकातल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या स्मारकात उभं राहावं. सोलापूरचा हा मुलगा चीनच्या सैनिकांची सेवा करता करता १९४२ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेला. ज्या चीनमध्ये तो गेला तिथं तेव्हा उपासमार आणि साथी होत्या. त्या देशानं नंतर एकच मूल ही सक्ती पस्तीस वर्षं राबवली, आणि २०२२ मध्ये तिथं जन्मांपेक्षा मृत्यू जास्त झाले. दक्षिण कोरियाचा जननदर २०२३ मध्ये ०.७२ पर्यंत घसरला. आता ही सरकारं मूल जन्माला घाला म्हणून पैसे देतायत, आणि लोक ऐकत नाहीत. सक्तीनं पाळणा थांबवता येतो, पण सक्तीनं हलवता येत नाही. आपल्याकडेही अधूनमधून कोणी जास्त मुलं जन्माला घालायचं आवाहन करतं, तर कोणी दोन अपत्यांची अट आणखी कडक करा म्हणतं. दोघंही ज्या बाईविषयी बोलतात, तिला कोणी विचारत नाही.

आपल्यापुढं यायचंय ते आलंच आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांचा पट वीसच्या खाली जातोय आणि समूहशाळेच्या नावाखाली त्या बंद होण्याची भीती गावांना आहे. गिरण्या बंद पडल्या, त्यातले कामगार म्हातारे झाले, मुलं पुण्याला. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे दीड हजार रुपये, आणि तेही वेळेवर आले तर. कुंभारीच्या त्या बाईंची बोटं आता पूर्वीसारखी वळत नाहीत. दोन मुली शिकल्या, एक हैदराबादला असते, तिला एकच मुलगी. तिच्या बारशाला या गेल्या होत्या. ‘‘पुन्हा चान्स घेणार का विचारलं मी, ती म्हणली, नाही अम्मा,’’ एवढंच सांगून त्यांनी पुढची विडी वळायला घेतली. तीन पिढ्या: सात, चार, एक. त्यातल्या शेवटच्या आकड्यामागं तरी एका बाईचं स्वतःचं ‘नाही’ होतं, आणि मला त्या घरातून निघताना सगळ्यांत बरं वाटलं ते त्याचंच.

२०११ नंतर आपल्याकडे जनगणना झालेली नाही. आता तिची तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. मागच्या वेळी विवाहित बाईला हे प्रश्नही विचारले होते: लग्न कितव्या वर्षी झालं, आणि मुलं किती झाली, त्यातली हयात किती. कितीतरी घरांत उत्तर पुरुषानं दिलं, लग्नाचं वय अठरा सांगितलं गेलं आणि गेलेल्या बाळांना कोणी मोजलं नाही. या वेळी प्रगणक दारात आला आणि हे प्रश्न निघाले, तर वाचकहो, घरातल्या बाईला पुढं बसवा, तिलाच बोलू द्या. सतराव्या वर्षी लग्न झालं असेल तर सतरा लिहू द्या. आणि जे बाळ बारशाआधीच गेलं, ज्याला नाव नाही, तेही सांगा. माझ्या आजोबांनी वहीत ते लिहून ठेवलं होतं.